बांगड्यांवरून ओळखलेली गल्ली

मिरजगावात आमचं घर नगर-सोलापूर रस्त्यावरून आत वळणाऱ्या एका गल्लीत आहे. गल्ली अरुंद आहे. समोरासमोरच्या ओट्यांवर बसलेल्या बायका आवाज न चढवता एकमेकींशी बोलू शकतात. माझी नजर गेली तेव्हा मी नगरला एका दैनिकात उपसंपादक होते. आधी रात्रीचं दिसेनासं झालं, मग कडेचं, शेवटी मधलं. डॉक्टरांनी डोळ्याच्या पडद्याचा आजार सांगितला आणि त्यावर औषध नाही हेही सांगितलं. नोकरी सोडून मी धाकट्या भावाच्या घरी आले. लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळे जायला दुसरं घर नव्हतं.

गल्लीतल्या बायका मी बांगड्यांवरून ओळखू लागले. त्यात कसब काही नव्हतं. पुरुष खाकरतात, मोटारसायकल चालू करतात, लांबून हाका मारतात; ते लगेच कळतात. बाई मुकाट्याने येते आणि मुकाट्याने जाते. पण हात हलवल्याशिवाय तिचं एकही काम होत नाही, आणि हातात काच असली की ती वाजते. भावजयीच्या हातात दोन पाटल्यांच्या मधे काच असायची, तिचा आवाज दबका. किराणा दुकानदाराच्या आईच्या हातात मोजक्याच, सैल, कोपराकडे घसरणाऱ्या. समोरच्या घरातल्या बाईच्या दोन्ही हातांत हिरवी काच गच्च भरलेली आणि डाव्या हातात पुढे एक पितळी कडं. तिचा हात हलला की आधी काच वाजायची आणि मागून कडं.

तो आवाज आमच्या पायरीशी आला की ती बोलायच्या आत मी "ये" म्हणायचे.

"न बघता कसं काय वो वळखता?" तिने सुरुवातीला विचारलं होतं.

"पोळ्याच्या बैलासारखी वाजत येतेस. बहिऱ्यालाही कळेल."

"बैल म्हना. पर ये म्हना."

ती माझ्यापेक्षा थोडी लहान. सातवीपर्यंत शिकलेली. घरची थोडी शेती होती आणि नवरा स्वतःचा टेम्पो चालवायचा. कांदा आणि लिंबं घेऊन नगरच्या, सोलापूरच्या बाजारात जायचा. मुलगा सुप्याच्या एका कंपनीत कामाला होता आणि तिकडेच राहायचा. दुपारी तिचं काम आवरलं की ती यायची आणि मला पेपर वाचून दाखवायची. मोबाईल मला बातम्या वाचून दाखवू शकत होता, पण मोबाईलला जिल्ह्याच्या पानावरचं काही सापडत नसे, आणि त्याच्याशी भांडता येत नसे.

ती ओळीखाली बोट धरून वाचायची. ओळ संपली की हात मागे यायचा आणि बांगड्या एकदा वाजायच्या. त्यामुळे स्तंभ किती रुंद आहे ते मला बसल्या जागी कळायचं. ती परिच्छेद गाळायची तेव्हा बांगड्या मधेच थांबायच्या आणि एकदम खालून वाजायच्या.

"गाळलंस."

"लई मोठं हुतं. निस्ती भाषणं हायत."

"मोठं असू दे. वाच."

"तुमीच लिवलं आसंल असलं, म्हनून वाचायला लावता." मग ती वाचायची. "'पारनेर तालुक्यात बिबट्याचा संचार. नागरिकांत घबराट.' ह्यो बिबट्या गेल्या सालापासनं फिरतोय. घबराट कशाची आता? सोयरा झाला त्यो."

"बातमी वाच. मत नको."

"मत फुकट हाय, ऱ्हाऊ द्या."

गल्लीतल्या सगळ्या हातांत बांगड्या भरायची ती एकच बाई. बाजारतळाजवळच्या मुसलमान वस्तीत राहणारी, वयाने आम्हा सगळ्यांत मोठी. सगळं गाव तिला चाची म्हणतं. तिच्या घरात सासऱ्यांपासून हाच धंदा. चाची माप विचारत नाही. हात हातात घेते, एकदा दाबते, आणि पिशवीतून नेमकी त्याच मापाची काच काढते. मग साबणाचं पाणी लावून अंगठ्याचं मूळ आत वळवते, बोटं गोळा करते आणि बोलत बोलत बांगडी मनगटावर चढवते. "हात सैल सोड बेटी," ती भावजयीला म्हणायची. "किल्ल्या नाही मागत तुझ्याकडं." मला ती रंग सांगायची. "आज मोरपंखी देते. याद है ना मोरपंखी?" आठवत असायचा. बांगडी फुटली असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही, वाढवली म्हणतात. वाढवली की चाची येईपर्यंत वाट बघायची, एवढाच प्रश्न असे.

टाळेबंदी लागली तेव्हा ग्रामपंचायतीने गल्लीच्या तोंडाला बांबू बांधले. पेपर यायचा बंद झाला. कागदावरून आजार येतो अशी अफवा होती, आणि पेपरवाल्यानेच गठ्ठा उचलायला नकार दिला. आठवडी बाजार बंद झाला. चाचीचा धंदा तर हात हातात घेण्याचाच. ती वस्तीबाहेर पडेना.

घरात माझी एक अडचण निघाली. भाऊ म्हणाला, "ताई, तू सगळ्याला हात लावतीस."

तो खरं बोलत होता. मी भिंतीला हात लावत मोरीपर्यंत जाते. डबा चाचपल्याशिवाय मला साखर आणि मीठ कळत नाही. खुर्चीवर बसण्याआधी मी खुर्चीवर कुणी बसलंय का ते हाताने बघते. भावाला मधुमेह होता, त्यामुळे भावजयीची भीती वाजवी होती. ती माझ्यामागून ओलं फडकं फिरवू लागली. सॅनिटायझरचा वास माझ्या मागे मागे यायचा. भांडण झालं नाही. जेवायला वेगळं ताट आलं, तेही माझ्या सोयीसाठी असल्यासारखं सांगितलं गेलं.

पूर्वी बाहेर जाताना भाऊ दंड पुढे करायचा आणि मी तो धरून चालायचे. आता टॉवेलचं एक टोक त्याच्या हातात आणि दुसरं माझ्या. लस घ्यायला आरोग्य केंद्रात गेलो तेही तसंच.

"शेळी बाजारात नेतोयस का?" मी विचारलं.

"शेळीला भाव तरी येतो," तो म्हणाला. पुढे काही वेळ आम्ही दोघंही हसत होतो, आणि टॉवेल ताणलेला होता.

त्या दिवसांत आम्ही काहीजण फोनवर एकत्र बोलायचो. सगळे जिल्ह्यातलेच, कुणाला दिसत नव्हतं, कुणाला चालता येत नव्हतं. कर्जतच्या एका अंध शिक्षकांनी सांगितलं की रस्ता ओलांडायला ते चौकात काठी पुढे करून उभे राहतात, पूर्वी कुणीतरी हात धरायचं, आता लोक बाजूला होतात आणि लांबून "सरळ जावा, सरळ" असं ओरडतात. श्रीगोंद्याचा एक शिंपी तीनचाकीवर फिरायचा. त्याच्या घराकडच्या चढाला येणारा-जाणारा कुणीही मागून हात लावायचा. तो हात बंद झाला आणि त्याचं दुकानात जाणं बंद झालं. दुकान उघडायला परवानगी मिळाल्यावरही तो घरीच होता. बोलताना कुणी रडत नसे. सगळे माहिती दिल्यासारखं सांगायचे आणि मग फोन ठेवायला कुणीच तयार नसायचं.

समोरची बाई पहिले काही महिने आपल्या ओट्यावर बसून माझ्याशी बोलायची. तोंडाला पदर किंवा मास्क असायचा, त्यामुळे शब्द जाड व्हायचे. पण बांगड्यांवर मास्क नव्हता.

"पेपर न्हाई तर काय वाचू? बिस्किटाच्या पुड्यावरचं वाचू?"

"वाच."

तिने वाचलं. मैदा, साखर, वनस्पती तेल. मग शेंगदाण्याची पुडी सोडलेला एक जुना कागद तिला सापडला. "आगं बया," ती ओरडली, "बिबट्या हाय ह्यात. त्यो बी घरात बसंना."

हळूहळू गल्लीतला आवाज कमी होत गेला. मला ते उशिरा लक्षात आलं. सारखी भांडी, सारखे कपडे, सारखं साबणाने हात धुणं. एकेक बांगडी वाढवली गेली आणि नव्या आल्या नाहीत. भावजयीच्या हातात शेवटी नुसत्या पाटल्या उरल्या, आणि पाटल्या बोलत नाहीत. दुकानदाराच्या आईने प्लॅस्टिकच्या घातल्या. मी माणसं चुकू लागले. एकीला दुसरीच्या नावाने हाक मारली की त्या हसायच्या. "ताईंचा नंबर वाढला," असं एकदा कुणीतरी म्हणालं, आणि विनोद बरा होता. समोरच्या बाईचा आवाज मात्र टिकून होता. तिची काच थोडी विरळ झाली होती, पण मागून कडं वाजायचं. दिवसभरात मी गल्लीतला तेवढा एकच आवाज खात्रीने ओळखू शकत होते, आणि दुपारपासून त्याची वाट बघायचे.

दुसऱ्या लाटेत तिच्या नवऱ्याला ताप आला. भाजीपाल्याच्या गाड्यांना बंदी नव्हती, त्यामुळे त्याच्या फेऱ्या चालू होत्या. आधी त्याला कर्जतला नेलं, तिथून नगरला. रुग्णवाहिका बांबूंपर्यंतच आली. तो चालत गेला. मी दारात होते. तिच्या बांगड्या त्याच्यामागे गल्लीच्या तोंडापर्यंत गेल्या आणि तिथे थांबल्या. तो परत आला नाही. अंत्यसंस्कार नगरलाच झाले. मुलगा सुप्याहून परस्पर गेला होता. तिच्या घराला काही दिवस पत्रा लावला होता, आणि गल्लीतलं कुणीही रडायला जाऊ शकलं नाही. आमच्याकडे मयताच्या घरी बायका गळ्यात पडून रडतात, त्या वेळी बोलायची गरज नसते. त्या दिवशी आम्ही आपापल्या घरात बसून होतो.

त्यानंतर समोरून काहीच ऐकू आलं नाही.

पत्रा काढल्याचं मला कळलं. घरात भांडं पडल्याचं कळायचं, चुलीचा धूर यायचा. ती दिसत नव्हती असं म्हणायची सोय मला नाही. ती वाजत नव्हती. नवरा गेला की बाईच्या हातातली काच काढतात हे मला माहीत होतं. कितीतरी घरांत मी ते पाहिलेलंही होतं. तरी दुपारी मी कान लावून बसायचे ते त्याच आवाजासाठी. माहिती एका जागी होती आणि कान दुसऱ्या.

"समोरची कशी आहे गं?" मी भावजयीला विचारायचे.

"हाय की. घरातच असती. बोलत न्हाई कुनाशी."

मी एकदा दारातून हाक मारली. उत्तर आलं नाही. ती त्या वेळी शेतात गेली होती हे मला पुढे समजलं. तेव्हा वाटलं की तिला नको आहे. दुसऱ्यांदा हाक मारली नाही. नवरा गेलेल्या बाईला गल्लीत मोठ्याने हाक मारून काय बोलायचं, हेही सुचत नव्हतं. मी आयुष्यभर निधनाच्या बातम्या नीट करत आले होते. त्यांची वाक्यं ठरलेली असतात, आणि त्यातलं एकही वाक्य ओट्यावरून ओरडण्यासारखं नव्हतं.

दुपारी सगळी गल्ली झोपायची तेव्हा मी दारातल्या खुर्चीवर बसून असायचे. पेपर पुन्हा यायला लागला होता. भाऊ सकाळी चाळायचा, नंतर पेपर घडी होऊन माझ्याकडे यायचा. मी तो मांडीवर ठेवायचे. शाईचा वास ओळखीचा होता. मला बातमी नको होती. मधेच थांबून कुणीतरी फालतू शेरा मारावा असं वाटत होतं.

त्या काळात एक कुत्रं आमच्या पायरीच्या सावलीला येऊन बसायचं. म्हणजे मी तसं धरून चालले होते. दुपारी पायरीशी काहीतरी टेकल्याचं कळायचं, कपड्यासारखं काहीतरी घासायचं, थोडा वेळ श्वास ऐकू यायचा, मग उठून गेल्यासारखं वाटायचं. गल्लीत कुत्री होतीच. एका दुपारी ते फार जवळ आल्यासारखं वाटलं आणि मी "हाड" म्हणाले. ते उठलं आणि गेलं. पुन्हा आलं नाही.

निर्बंध उठले, बाजार भरू लागला, आणि एका सकाळी गल्लीत चाचीची आरोळी ऐकू आली. भावजय धावतच बाहेर गेली. पण चाची आमच्याकडे आधी आली नाही. पिशव्या आमच्या ओट्यावर ठेवून ती रिकाम्या हाताने समोरच्या घरात गेली. तिची तशी रीत आहे. मयत झालेल्या घरी ती आधी जाते आणि बांगड्या उंबऱ्याच्या आत नेत नाही. बराच वेळ ती तिथे होती. मग आली, भावजयीचे हात भरले, दुकानदाराच्या आईचे भरले. गल्ली पुन्हा वाजू लागली. शेवटी तिने माझा हात घेतला.

कितीतरी महिन्यांत कुणी माझा हात असा सबंध हातात घेतला नव्हता. टॉवेलची टोकं होती, लांबून पुढे केलेली ताटं होती. चाचीने तळवा दाबला, बोटं गोळा केली, थांबली.

"वाळलीस," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "एक पूछूं? समोरच्या पोरीला तू हाकललंस?"

"कुणी सांगितलं?"

"तीच सांगते ना. म्हणते, रोज दुपारी जाऊन ताईंच्या पायरीवर बसायची. ताई ये म्हणतील म्हणून. तू एक दिवस हाड म्हणालीस."

मी हात काढून घेतला नाही. चाचीनेही सोडला नाही. भावजय आतून म्हणाली, "आगं बाई!"

आमच्या गल्लीत नवरा गेलेली बाई पहिलं वर्षभर आपणहून कुणाच्या उंबऱ्यावर चढत नाही. बोलावलं की येते. हे कुणी कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण सगळ्यांना माहीत आहे, मलाही माहीत होतं. मी इतकी वर्षं ती बोलायच्या आत ये म्हणत आले होते. तिने पायरीपर्यंत यायचं आणि मी ये म्हणायचं, असंच ते होतं. तिला वाटलं, आताही तसंच होईल.

"अजून एक भरू?" चाचीने विचारलं.

"नको."

"मग जा. मी बसते इथं, पिशव्यांपाशी."

समोरच्या घरी मी आधी कधीच एकटी गेले नव्हते. तीच यायची, मला जायची गरज पडली नव्हती. गल्ली ओलांडायला किती जागा आहे हे मला आवाजावरून माहीत होतं, पायांना माहीत नव्हतं. मधे गटार आहे आणि त्यावर एक फरशी टाकलेली आहे. भाऊ घरी नव्हता. भावजय म्हणाली, "थांबा, मी येते," आणि चाची तिला म्हणाली, "तू बस." मी काठीने फरशी शोधली. पलीकडच्या ओट्याच्या कडेला गुडघा लागला. दार उघडं होतं. आतली थंड हवा आणि राखेचा वास येत होता.

"मी आहे," मी म्हणाले.

आत काहीच हललं नाही. ती घरात आहे की नाही ते मला कळेना. मी उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिले. बोलावल्याशिवाय आत कसं जायचं, हा प्रश्न त्या वेळी मला पडला होता.

मग अगदी जवळून, दाराच्या आतल्या बाजूने ती म्हणाली, "आता दिसले व्हय मी?"

"मला कुत्रं वाटलं."

"कुत्रं वाटलं!" ती म्हणाली. "दोन पायांचं?"

"तुझ्या हातात काही नव्हतं. मला कळणार कसं?"

"मी रोज येत हुते. तिथंच बसत हुते, तुमच्या पायापाशी. मला वाटायचं, ताईंना समदं कळतंय. कळतंय पर ये म्हनत न्हाईत. इधवा झाली म्हनून न्हाईत."

"मला कळलं नव्हतं."

"पायाचा आवाज बी कळत न्हाई?"

"तुझ्या पायाचा नाही. तुझ्या बांगड्याच आधी यायच्या. पायांकडे कधी लक्ष दिलंच नाही."

मग ती जे म्हणाली त्यात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. "इतकी वर्सं मला वाटलं, मी कळते तुमाला. बांगड्या कळत हुत्या व्हय."

ती म्हणाली ते बरोबर होतं. दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"या आत," ती म्हणाली. "उंबरा उंच हाय."

तिने माझा दंड धरला नाही, मी तिचा धरला. मनगटापर्यंत हात नेला तेव्हा तिने तो मागे घेतला, आणि मग तसाच राहू दिला. मनगटावर जिथे काच घासायची तिथली कातडी गुळगुळीत आणि थोडी आत दबलेली होती. कडंही नव्हतं. ते तिने मुलाकडे देऊन टाकलं होतं.

आम्ही जमिनीवर बसलो. तिने नवऱ्याचं सांगायला सुरुवात केली, आणि मला समजलं की तिने ते अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. बसून ऐकायला कुणी आलंच नव्हतं. रुग्णवाहिकेत चढताना त्याने वळून पाहिलं आणि टेम्पोची चावी कुठे आहे ते सांगितलं, एवढंच. नंतर एकदा त्याचा फोन आला. मास्क लावलेला होता, मागे यंत्राचा आवाज होता, तिला काहीच समजलं नाही. ती हो हो म्हणाली. पुढचा फोन दवाखान्यातून आला. मुलाला लांबून, गुंडाळलेलं दाखवलं. तो त्याबद्दल बोलत नाही.

"मी काय बगितलंच न्हाई ताई," ती म्हणाली. "पाय न्हाई, त्वांड न्हाई. पत्रा निघाल्यावर भावकीतल्या बायांनी बांगड्या काढल्या तवा बी मला वाटत हुतं, ह्या बाया उगंच काढत्यात. टेम्पो यील आन् म्हनंल, हे काय केलंस. तुमाला तर कायच दिसत न्हाई. तुमी मानता कसं, मानूस गेलं म्हनून?"

"ज्याने पाहिलं त्याला मी विचारते. त्याने सांगितलं की मानते."

"मला कुनी सांगितलंच न्हाई. निस्ते म्हनत्यात, झालं ते झालं. आता पोराकडं बगा."

मी तिचा दंड पुन्हा धरला. मग म्हणाले, "ते गेले. नगरच्या दवाखान्यात गेले. परत येणार नाहीत."

ती रडली. आवाज न करता रडली, पण तिच्या दंडावर माझा हात होता, त्यामुळे कळलं. पलीकडून भावजयीने दोनदा हाक मारली. मी ओ दिली नाही.

उठायची वेळ झाली तेव्हा मी तिला म्हणाले, "जरा चालून दाखव."

"काय?"

"चुलीपासून दारापर्यंत चाल. मला ऐकू दे."

"याड लागलं का तुमाला?"

"चाल."

ती उठली आणि चालली. दारापर्यंत गेली, परत आली. मी पुन्हा चालायला सांगितलं. ती पुटपुटत पुन्हा गेली. "पोरगी बगायला आल्यावानी करायलात. चालून दाव, वाचून दाव. सैपाक बी करून दावू?"

"बोलू नकोस. नुसती चाल."

तिसऱ्या वेळी मला थोडं कळलं. डावा पाय ती पूर्ण उचलत नाही; टाच जमिनीला घासते. "लहानपनी मोडला हुता," ती म्हणाली. "बाभळीवरनं पडले हुते." इतक्या वर्षांच्या दुपारींत हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं. मग चप्पल घालून चाल म्हणाले, कारण गल्लीतून ती चप्पल घालून येणार. चप्पल घातल्यावर घासणं जवळजवळ ऐकू येत नव्हतं. तिने जुनी, झिजलेली चप्पल काढली. त्यात थोडं येत होतं.

पुढचे काही दिवस मी पायरीशी आलेल्या प्रत्येकाला ये म्हणत होते. दुकानदाराच्या आईला म्हणाले, पोस्टमनला म्हणाले. दूधवाला तर येऊन आतच बसला, आणि त्याला काय काम आहे ते विचारावं की चहा द्यावा हे भावजयीला समजेना. एकदा खरंच कुत्रं होतं. भाऊ म्हणाला, "ताई, तू गावजेवणाचं आवतन द्यायलीस का?"

ती त्या दिवसांत आली नाही. शेतात कांद्याची काढणी होती आणि मजूर मिळत नव्हते. मी दारात बसायचे. नव्या बांगड्यांची गल्लीत ये-जा होती, पूर्वीपेक्षा जास्तच. सगळ्यांनी एकदम भरल्या होत्या. त्या गलक्याखालून न वाजणारी एक चाल शोधत मी बसायचे. पाय पुष्कळ यायचे. कुठलाही पाय जरा घासला की मी मान वळवायचे, आणि तो पुढे निघून जायचा. आधी आवाज आपणहून यायचा आणि मी नुसती ऐकायचे. आता मला दिवसभर कान देऊन बसावं लागत होतं, आणि तरी खात्री नव्हती.

मग एका दुपारी पायरीशी काहीतरी येऊन थांबलं. टाच घासली असं वाटलं. घासली नसेलही. श्वास होता, मातीचा आणि कांद्याच्या पातीचा वास होता. तो त्या दिवसांत सगळ्या गावालाच येत होता.

"ये," मी म्हणाले.

मग ती म्हणाली, "वळखून म्हनलात का अंदाजानं?"

"अर्धं अंदाजाने."

"बरं," ती म्हणाली आणि वर येऊन बसली. "मग उद्या बी येते. परवा बी येते. पुरं वळखूस्तवर."